धुतल्यावर प्रिंट उचलते? फिल्म बदलायच्या आधी हे बघा

गेल्या जुलैत पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला जाणाऱ्या एका ग्रुपचे साठ टी-शर्ट केले होते, काळे, छातीवर मोठी पांढरी डिझाइन, डीटीएफमध्ये, म्हणजे डिझाइन फिल्मवर छापायची, मागं गोंदाची पावडर लावायची आणि गरम प्लेटच्या प्रेसनं ती कापडावर उतरवायची. दिले तेव्हा सगळे खूश, फोटोबिटो काढले, दोन दिवस पावसात आणि चिखलात मनसोक्त लोळले. पंधरा दिवसांनी त्यातला एक पोरगा टी-शर्ट पिशवीतनं घेऊन दुकानात आला आणि काही न बोलता काउंटरवर पसरला. डिझाइनचा खालचा डावा कोपरा सुटलेला, मी नखानं जरा उचलला तर अख्खी पट्टी पापुद्र्यासारखी वर आली. शाईला काही झालं नव्हतं बरं का, रंग जसाच्या तसा, तडा नाही, फक्त कापडाला धरलीच नव्हती. पोरगा म्हणाला, "दादा, आईनं ब्रश मारला म्हणून झालं का?" मी पण लगेच हो म्हणून मोकळा झालो. पुढच्या आठवड्यात आणखी तेवीस परत आले. आता तेवीस आयांनी तोच कोपरा घासला असं कसं म्हणायचं.

हे लिहितोय कारण हा त्रास एकट्या माझा नाही, या धंद्यात असलेल्या निदान आठ-दहा जणांनी मला हेच विचारलंय आणि प्रत्येकानं माझ्यासारखंच आधी फिल्म बदललीय, मग पावडर बदललीय, मग सप्लायरशी भांडण काढलंय, आणि शेवटी नवीन मशीन बघायला सुरुवात केलीय. मी पण तेच केलं. फिल्म दुसरीकडनं मागवली, पावडर जाड दाण्याची लावून घेतली, टेंपरेचर १६० वरनं १७५ केलं, टाइम पंधरा सेकंदांवरनं पंचवीस. फायदा काय झाला, तर काळ्या कापडावर प्लेटचा चौकोनी चकाकता डाग पडायला लागला आणि कोपरा उचलायचा तो उचलायचाच.

एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला पाहिजे होती ती आली नाही. सकाळी मारलेले पहिले दहा-बारा पीस घट्ट असायचे, संध्याकाळचे कच्चे. आणि कच्चा कोपरा बहुतेक वेळा एकाच बाजूचा. फिल्म खराब असती तर सकाळ-संध्याकाळ तिला काय कळतंय, ती कुठंही आणि कधीही सुटली असती.

उलगडा केला आमच्या ओळखीच्या एका मिस्त्री काकांनी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भट्टीचं, हीट ट्रीटमेंटचं काम करून आयुष्य गेलंय त्यांचं, ते आले होते नातवाच्या वाढदिवसाच्या टी-शर्टसाठी. माझं रडगाणं ऐकून म्हणाले, "डिस्प्लेवर १६० आलंय हे तू बघतोस, पण तो आकडा कुठला आहे ते तुला माहीत आहे का?" मला काय माहीत असणार. दुसऱ्या दिवशी ते के-टाइप थर्मोकपलचा मीटर घेऊन आले, तोच जो भट्टीला लावतात, दोन पातळ वायरींची टोकं जोडलेली असतात बघा. खाली टी-शर्ट अंथरला, वायरचं टोक तपकिरी हीट टेपनं कापडावर चिकटवलं, त्यावर टेफ्लॉन शीट, आणि प्रेस बंद. मधोमध १५८. उजवीकडं १५४. मागचा डावा कोपरा १४१. पुढचा डावा कोपरा, म्हणजे जिथनं माझी सगळी इज्जत निघत होती तो, १२९. मग त्यांनी मला गप दहा टी-शर्ट नेहमीच्या घाईनं मारायला लावले आणि परत मोजलं. १२१. डिस्प्लेवर तेव्हा पण १५९-१६० च.

सेन्सर प्लेटच्या मधोमध बसवलेला असतो, तो मधलं सांगतो, कोपऱ्याचं त्याला देणंघेणं नाही. डीटीएफची पावडर म्हणजे शेवटी वितळणारा गोंद, साधारण १५० ते १६५ ला दहा-पंधरा सेकंद दाबला की तो वितळून धाग्यांमध्ये उतरतो. तुमच्या फिल्मवाल्यानं जो आकडा दिलाय तोच पाळा, पण तो आकडा कापडावर पाहिजे, डिस्प्लेवर नव्हे. १२१ ला गोंद नुसता मऊ होतो आणि वरवर बसतो, फिल्म सोलताना सगळं झकास दिसतं, पहिली धुलाई पण निघते, दुसऱ्या-तिसऱ्या धुलाईला कापड आकसतं, ताणतं आणि कोपरा सुटतो.

मशीन उघडलं. म्हणजे प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर, काकांच्या हातनं, हे नीट वाचा आणि स्वतः शहाणपणा करू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा. डाव्या बाजूच्या एलिमेंटच्या टर्मिनलचा नट ढिला, वायर काळी पडलेली. ती कापून टोकाला नवीन लग, म्हणजे नटाखाली बसणारी कडी, बसवला. आणि दुसरं, मशीन १८०० वॉटचं आणि मी ते लावलं होतं पंख्याच्या वायरीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर, त्याच बोर्डावर मोबाइलचा चार्जर आणि चहाची किटली. १८०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास आठ अँपियर सतत. बोर्डाला हात लावला तर कोमट. संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज १९५ पर्यंत येतंय हे मोजल्यावर कळलं, आणि हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते, म्हणजे १९५ ला तेच १८०० वॉटचं मशीन तेराशेच्या आसपासच काम करतं. थांबून थांबून मारलं तर ते पण १६० गाठेल, पण गणपतीच्या तोंडावर थांबतंय कोण. म्हणून सकाळचे पीस घट्ट आणि संध्याकाळचे कच्चे.

आता १६ अँपियरचा वेगळा पॉइंट आहे, थेट एमसीबीवरनं जाड तांब्याची वायर, त्यावर दुसरं काही लावायचं नाही असा घरात फतवा. सगळा खर्च एका फिल्मच्या रोलपेक्षा कमी आला. याच्या आधी मी तीन रोल बदलले होते.

तुमच्याकडं थर्मोकपल नसेल तर साधा मीटर ऑनलाइन मिळतो, नाहीतर ओळखीतला कुणीतरी फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये असतोच, कोल्हापुरात राहून या गोष्टीला अडायचं म्हणजे कमालच. ती बंदुकीसारखी लाल ठिपक्याची गन मात्र चकचकीत उघड्या प्लेटवर मारू नका, चमकणाऱ्या धातूवर ती कमीच दाखवते. मी तिच्या भरवशावर टेंपरेचर वाढवून चार टी-शर्ट जाळलेत.

दाब बघायला तर काहीच लागत नाही. वहीच्या कागदाच्या चार पट्ट्या फाडा, चार कोपऱ्यांत अर्ध्या आत अर्ध्या बाहेर ठेवा, मशीन गार असताना प्रेस बंद करा आणि एकेक ओढा. तीन फाटल्या आणि एक लोण्यासारखी सरकून बाहेर आली तर तुमचा रोग तिथं आहे. शिंपल्यासारखं उघडणारं स्वस्त मशीन असेल तर मागचा भाग घट्ट आणि पुढचा ढिला हे बऱ्याचदा निघतं, मधला स्क्रू पिळून ते जात नाही, मागंपुढं अ‍ॅडजस्टमेंट असेल तर ती बघायची नाहीतर खालचा सिलिकॉनचा गादा बदलायचा, तो वर्षा-दोन वर्षांत मधोमध चेपतो. आणि कॉलरचा टी-शर्ट मारताना बटणपट्टी, खांद्याची शिलाई प्लेटच्या आत आली की प्लेट त्या शिलाईवर टेकते आणि डिझाइनवर अधांतरी राहते. शिलाई प्लेटच्या बाहेर सोडा, नाहीतर डिझाइनच्या खाली फोमची उशी घाला. बाजारात तयार मिळतात, मी जुन्या माउस पॅडवर टेफ्लॉन गुंडाळून सुरुवात केली होती.

एवढं सगळं करून पण ऑगस्टमध्ये परत दोन पीस आले. तेव्हा म्हटलं आता विषय हार्ड आहे.

हे आपल्या पावसाचं काम. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, जून ते सप्टेंबर भिंतीला ओल, कपाटात वास, पापड दोन मिनिटांत मऊ. तीच ओल टी-शर्टात असते, हाताला कळत नाही एवढंच. कॉटन साध्या हवेत, म्हणजे ६५ टक्के दमटपणाला, आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरून बसतं. दोनशे ग्रॅमचा टी-शर्ट धरला तर पंधरा-सोळा ग्रॅम, एका डझनात जवळजवळ पेलाभर पाणी! पावसाळ्यात त्याच्या वर. पॉलिएस्टर अर्धा टक्का पण धरत नाही, म्हणून जर्सीला हा त्रास नसतो. आता या ओल्या कापडावर ट्रान्सफर, म्हणजे छापलेली फिल्म, ठेवून गरम प्लेट दाबली की पहिले काही सेकंद पाणी उकळण्यातच जातात आणि वाफ बाहेर पडायला वाट शोधते, ती गोंदाखाली बारीक बारीक फोड करून बसते.

पटत नसेल तर करून बघा. गोडाऊनमधनं आणलेला टी-शर्ट खाली, त्यावर कोरा झेरॉक्सचा कागद, पाच सेकंद हलकं दाबून उघडा. कागद उचलून गालाला लावा. ओलसर आणि गरम लागतो, कडा वळलेल्या असतात. मी हे आमच्या बायकोला दाखवलं तर ती म्हणाली हे तर इस्त्री करताना रोजचंच आहे, तुम्हाला आज कळालं होय.

म्हणून पावसाळ्यात ट्रान्सफर ठेवायच्या आधी टी-शर्ट पाच-सहा सेकंद दाबायचा, उघडायचा, वाफ जाऊ द्यायची, परत एकदा दाबायचा, मग ट्रान्सफर. एका पीसमागं पंधरा सेकंद जातात, जाऊ देत. आणि असे दाबलेले पंचवीस पीस थप्पी लावून ठेवायचे नाहीत, तासाभरात ते परत ओल धरतात, दाबला की लगेच मारायचा. फिल्म सोलल्यावर वर टेफ्लॉन किंवा बटर पेपर ठेवून अजून एकदा पाच-दहा सेकंद दाबायचं, हे दुसरं दाबणं घाईत सगळ्यात आधी गाळलं जातं आणि धुलाईत टिकायला त्याचाच मोठा हात आहे. हॉट पील (गरम असतानाच सोलायची), कोल्ड पील (गार झाल्यावर सोलायची) जे फिल्मवर लिहिलंय ते पाळा, कोल्ड पीलची फिल्म गरम असताना ओढली तर गोंद अर्धा फिल्मबरोबर येतो आणि तुम्ही परत सप्लायरला शिव्या घालणार.

पावडर आणि छापून पावडर लावलेले तयार रोल पण ओल धरतात. पावडरचा पुडा फोडला की घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. पावडर गुठळ्या व्हायला लागली किंवा जिथं शाई नाही तिथं पण फिल्मला चिकटायला लागली तर समजायचं. तयार रोल विकत घेत असाल तर पावडरची रबरी बाजू उजेडात तिरकी धरून बघा, दाणे मिठासारखे सुटे दिसत असतील तर पावडर नीट भाजलेली, म्हणजे तापवून फिल्मवर वितळवलेली नाही, संत्र्याच्या सालीसारखं एकसंध आणि हलकं चमकणारं दिसलं पाहिजे. पावसात काही रोलांवर चार-सहा दिवसांनी तेल सुटल्यासारखं ओशट येतं, ते शाईतलं ग्लिसरीनसारखं द्रव्य हवेतलं पाणी ओढतं त्यामुळं, भाजणं कमी पडलेलं असतं. असा रोल थेट मारू नका, परत नीट भाजून घ्या किंवा देणाऱ्याला दाखवून बदलून घ्या. आता मी एकदम दोन महिन्यांचा साठा करत नाही, लागेल तसं मीटरवर घेतो.

कापडाबद्दल. आपल्याजवळ इचलकरंजी आहे म्हणून बाहेरच्या लोकांना वाटतं टी-शर्टचं कापड तिथनंच येत असणार, पण तिथला जोर मागावरच्या कापडावर, आणि टी-शर्ट म्हणजे होजिअरी, तो माल जास्त करून तिरुपूरचा. घेताना लोक नुसता जीएसएम, म्हणजे चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, विचारतात. १८० जीएसएम बायोवॉश सांगितलं की झालं. बायोवॉशला माझा विरोध नाही, एन्झाइमनं कापडावरचं बारीक लव खाल्लं जातं, उलट प्रिंट चांगली बसते. त्रास होतो त्यानंतर लावलेल्या सिलिकॉन सॉफ्टनरचा. हाताला लोण्यासारखा लागणारा टी-शर्ट दुकानदार कौतुकानं दाखवतो ना, त्याच्यावर गोंद धरायला कुरकुरतो. पाण्याचा एक थेंब टाकून बघा, दोन-चार सेकंदांत शोषला तर ठीक, मोत्यासारखा उभा राहिला तर त्या मालावर दोन नमुने मारून पाच वेळा धुतल्याशिवाय ऑर्डर घ्यायची नाही. आणि "शंभर टक्के कॉटन" म्हणून दिलेल्या स्वस्त मालाचा एक धागा काढून काडी लावा. कागद जळल्याचा वास आणि हातात चुरणारी राख म्हणजे कॉटन, वितळून काळा कडक मणी झाला तर आत पॉलिएस्टर आहे.

पॉलिएस्टर निघालं की दुसरा सगळा खेळ सुरू होतो. फुटबॉलच्या सीझनला तालमीच्या पोरांच्या जर्सी करायला घेतल्या की हे हमखास. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली पोरं जर्सीचा रंग अर्ध्या छटेनं चुकला तरी दारात येतात, तिथं मी एकदा लाल जर्सीवर पांढरे नंबर मारून दिले, आणि मॅचच्या दिवशी सकाळी नंबर गुलाबी! रात्री दिले तेव्हा शुभ्र पांढरे होते, मी स्वतः घडी घातली होती. पॉलिएस्टर ज्या रंगानं रंगवतात तो रंग उष्णतेनं वाफ होऊन वर सरकतो आणि पांढऱ्यात शिरतो, कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. गंमत म्हणजे सबलिमेशन प्रिंटिंग याच गुणावर चालतं, १९० ते २०० ला शाई वाफ होऊन पॉलिएस्टरमध्ये शिरते म्हणून ती धुवून कधी जात नाही, आणि म्हणूनच ती कॉटनवर टिकत नाही आणि गडद कापडावर दिसत नाही. त्या लाल जर्सीवाल्या टीमच्या मॅनेजरनं त्या दिवशी ऐकवलेलं इथं लिहिता येणार नाही.

लाल, मरून, गडद निळी जर्सी असेल तर कमी तापमानाची पावडर-फिल्म मागा, १३० च्या आसपास बसणारी, किंवा पांढऱ्याखाली काळा-करडा थर असलेली ब्लॉकर फिल्म, आणि नमुना मारून दोन दिवस नुसता टांगून ठेवा. सगळ्यात चांगलं म्हणजे पांढरं कापड घेऊन अख्खी जर्सीच सबलिमेशननं करून शिवायची, नंबर आणि नाव त्याच्यातच. पंधरा-वीस जर्सींना हे महाग पण पडत नाही. आधीच सबलिमेशन केलेल्या जर्सीवर वरनं नंबर मारायला कुणी आणून दिली तर मी आता सरळ नाही म्हणतो.

आता त्या साठ टी-शर्टांबद्दल एक कबुली. मुळात ते डीटीएफवर घ्यायचेच नव्हते. एक रंग, एकच डिझाइन, साठ पीस, हे स्क्रीन प्रिंटिंगचं काम, जाळीतनं शाई थेट कापडावर ओढायचं. एक फ्रेम, ४३टी ची (सेंटीमीटरला ४३ धाग्यांची) जाळी, पांढरी शाई, दोन स्ट्रोक, मध्ये फ्लॅश (वरनं उष्णता देऊन शाई जराशी सुकवणं), आणि प्रिंट कापडात मुरलेली, छातीवर प्लास्टिकचा पत्रा नाही. पावसात चालणाऱ्याला तो डीटीएफचा मोठा चौकोन घामानं चिकटतो हे पण खरं, मी स्वतः घालून चाललोय. पण डीटीएफ दुकानात होतं आणि स्क्रीनवाल्याकडं जाऊन थांबायचा कंटाळा आला. डीटीएफ घ्यायचं ते पाच-दहा पीसला, रंगीत फोटोसारख्या डिझाइनला, प्रत्येकाचं नाव वेगळं असेल तेव्हा. चाळीस-पन्नासच्या वर आणि एक-दोन रंग असतील तर स्क्रीन.

स्क्रीनला पण प्रिंट जाण्याचा रोग आहे आणि त्याचं मूळ परत उष्णताच. प्लास्टिसॉल ही स्क्रीनची प्लास्टिकवाली शाई हवेत वाळत नाही, वर्षभर उघडी ठेवली तरी ओलीच राहील, तिला १६० च्या आसपास पूर्ण थर तापावा लागतो, नुसता वरचा पापुद्रा नव्हे. हीट गन फिरवून हाताला चिकटत नाही म्हणून पॅक केलेला माल पहिल्या धुलाईला चिरा देतो. गार झाल्यावर प्रिंट दोन्ही हातांनी ताणा, चिरा पडल्या तर कच्ची. पाण्याच्या रबर शाईला फिक्सर घालून चोवीस तास वाळवून पण चालतं म्हणतात, उन्हाळ्यात चालतं, पावसाळ्यात माझं चाललं नाही, मी वरनं प्रेसवर दाबतोच. आणि पावसात इमल्शन (उजेडानं घट्ट होणारा लेप) लावलेली फ्रेम नीट वाळत नाही, तशीच एक्स्पोज केली, म्हणजे डिझाइन ठेवून उजेड दिला, की धुताना बारीक रेषा वाहून जातात, लोक म्हणतात इमल्शन भेसळीचं आलंय. फ्रेम खोक्यात बंद करून आत साठ वॉटचा साधा तारेचा बल्ब लावू नका, उजेडानं सगळी वाया जाईल, लहान पंखा आणि डीह्युमिडिफायर किंवा निदान सिलिका जेलचा मोठा डबा ठेवा.

मशीन काय घ्यायचं हे विचारणाऱ्यांना माझं एकच उलट विचारणं, रोज किती पीस निघतात? डीटीएफ प्रिंटर घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, मला पण झाला होता. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते जड, खाली बसतं, चार दिवस प्रिंटर बंद राहिला की हेड जाम. गणपती ते दिवाळी धावपळ आणि मग महिनाभर शांतता असा आपला धंदा असेल तर तो प्रिंटर तुमच्या जिवाला घोर. मी छापलेला रोल मीटरवर घेतो आणि पैसे घातले ते चांगल्या प्रेसमध्ये, १६ बाय २४ इंचाची, जाड प्लेटची, स्विंग होणारी, म्हणजे वरची प्लेट बाजूला फिरते ती. प्लेट जाड असली की उष्णता धरून ठेवते, लागोपाठ मारताना कोपरे पडत नाहीत. घेताना दुकानातच मशीन लावायला सांगा, अर्धा तास चालू द्या, चार कोपरे मोजा, मोजू देत नसेल तर उठा. प्लेट पुसायचं कापड, दोन-तीन टेफ्लॉन शीट, चारशे-पाचशे रुपयांचा हवेचा दमटपणा दाखवणारा मीटर आणि थर्मोकपल, एवढं आधी घ्या. दमटपणा ४० ते ६० मध्ये असला तर रोल आणि पावडर दोन्ही सुखात असतात, आमच्या दुकानात जुलैत तो ८८ दाखवत होता.

एम्ब्रॉयडरीबद्दल थोडक्यात, कारण मी ती जॉबवर्कला देतो. हॉटेल-दवाखान्याचे युनिफॉर्म, टोप्या, खिशावरचा लोगो याला तिच्यासारखं टिकाऊ काही नाही. धुतल्यावर लोगोभोवती कापड चुरगळून गोळा होत असेल तर होजिअरीवर खाली कापून काढायचा कटअवे बॅकिंग लावलाय की फाडायचा टीअरअवे ते विचारा, ताणणाऱ्या कापडाला कटअवेच लागतो, आणि सुई बॉल पॉइंटची, नाहीतर टोकदार सुईनं जाळी तुटून भोकं पडतात.

धुलाईची चाचणी घ्यायची ती आपल्या घरात जशी होते तशी घ्या. मशीनमध्ये गार पाण्यात, उलटा करून, असं सगळं आपण पॅकेटवर लिहितो आणि लिहायलाच पाहिजे, पहिले चोवीस तास धुवू नका हे पण लिहा. पण टी-शर्ट जाणार आहे दगडावर, निळ्या साबणाखाली, प्लास्टिकच्या ब्रशखाली. माझा नमुना मी आईकडं देतो आणि काही सांगत नाही. ती कशी धुते तशी धुते. सध्या एक काळा टी-शर्ट तिच्याकडं आहे, पुढचा डावा कोपरा मार्करनं खूण केलेला, काल नवव्यांदा दोरीवर होता, आणि त्या मोहिमेच्या ग्रुपला चोवीस टी-शर्ट फुकट परत करून दिले ते स्क्रीनवर.